सेन्सर बदलण्याआधी

बडनेरा ते अमरावती जेमतेम दहा किलोमीटर. तेवढी ये-जा करतानाही पेट्रोलचा काटा भराभर उतरतो, सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं की काजळी लागते, उभ्या गाडीतून कच्च्या पेट्रोलचा वास येतो? मग हवा-पेट्रोलचं मिश्रण 'रिच' झालंय. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे हवा कमी पडतेय किंवा पेट्रोल जास्त येतंय. हल्ली सगळं खापर ई-२० वर, म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, फुटतं. त्यानं ॲव्हरेज थोडा घटतो हे खरं, पण इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे मिश्रण उलट पातळ होतं. काळा धूर त्याच्या माथी मारू नका.

कार्बोरेटरवाली जुनी मारुती ८०० असेल तर आधी एअर फिल्टर उघडा. वऱ्हाडातली उन्हाळी धूळ त्यात गच्च बसते. नवा अंदाजे २०० ते ४०० रुपयांत येतो. चोक अडकलाय का, तेही बघा.

एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरवाल्या, गाडीला मात्र स्कॅनर लावा. ३०० ते ८०० रुपये. पडद्यावर 'पी०१७२' आलं की मेकॅनिक लगेच म्हणतो, "भाऊ, ऑक्सिजन सेन्सर गेला." दोन ते पाच हजारांचा हा खर्च इथंच थांबवा. हा कोड फक्त पेट्रोल जास्त होतंय एवढंच सांगतो, कुठला भाग बिघडला ते नाही. सेन्सर बिचारा खरं बोलत असेल! पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून स्कॅनरवर कूलंटचं तापमान वाचायला सांगा. ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास हवं. मे महिन्यातही चाळीस-पन्नासच दिसलं, तर इंजिन थंड आहे अशा समजुतीनं ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल ओततोय. मग दोष तापमानाच्या सेन्सरचा किंवा उघड्या अडकलेल्या थर्मोस्टॅटचा. तापमानाचा सेन्सर बहुधा हजाराच्या आत येतो. आकडा बरोबर असेल तर गळका इंजेक्टर आणि फ्युएल प्रेशर तपासायचं. इंजेक्टर सफाई हजार ते दोन हजार, मजुरी वेगळी ठरवा.

टाळाटाळ महागात पडते. जास्तीचं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून निकामी करतं, तिथं बिल दहा हजारांच्या पुढेच जातं. ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर ऑइलही बदला.

काम झाल्यावर जुना पार्ट मागून घ्या आणि पीयूसी करा. बीएस-४ पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत हवा. पावतीवरचा तो आकडा वाचूनच उरलेले पैसे द्या.