फिजिओथेरपी : ‘दुय्यम पर्याय’ का नव्हे?

नीटचा निकाल लागला की अनेक घरांत फिजिओथेरपीचं नाव एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस यांच्यानंतर नाइलाजाने घेतलं जातं. हा उतरता क्रम गुणांचा आहे, कामाच्या मोलाचा नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचं उदाहरण घेतलं तर हे स्पष्ट होतं. जगात सर्वाधिक आढळणारा हा कर्करोग 2022 मध्ये सुमारे 25 लाख लोकांना नव्याने झाल्याचा अंदाज आहे. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार आणि आता इम्युनोथेरपी यांमुळे काही रुग्णांचं आयुष्य वाढतं आहे. पण फुप्फुसाचा भाग काढल्यावर जिना चढताना लागणारी धाप, उपचारांनी आलेला थकवा आणि झिजलेले स्नायू यांवर गोळी मिळत नाही. आयुष्य वाढवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ते जगण्याजोगं करणंही. या दुसऱ्या कामासाठी वेगळं शिक्षण लागतं.

या कामाला पुरावा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी व्यायाम करून घेतलेल्या रुग्णांमध्ये नंतरच्या श्वसनविषयक गुंतागुंतीचा धोका निम्म्याहून खाली आला, असं वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या 2022 च्या आढाव्यात दिसतं. हे अभ्यास लहान आहेत आणि पुनर्वसनाने कर्करोग बरा होतो असं कुणीही म्हणत नाही. तरीही रुग्ण सहा मिनिटांत किती मीटर चालतो हे मोजणं, छातीतला कफ सुटा करायला शिकवणं, हाडांत आजार पसरला असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर कोणता व्यायाम टाळायचा हे ठरवणं, ही जबाबदारी शरीरशास्त्र आणि रोगशास्त्र नीट शिकलेल्या माणसाचीच आहे.

‘आजार शेवटच्या टप्प्यात असेल तर याचा काय उपयोग?’ हा प्रश्न पालक विचारतात आणि तो गंभीर आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांना निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचारांबरोबर उपशामक सेवा दिली गेली. त्यांच्या जगण्याची गुणवत्ता सुधारली, नैराश्य कमी आढळलं. हा अभ्यास व्यायामाचा नव्हता; पण बरं करता येत नाही तिथेही करण्यासारखं पुष्कळ असतं, हे त्याने दाखवलं. अशा रुग्णाला स्वतः आंघोळ करता यावी म्हणून व्यवसायोपचारतज्ज्ञ लागतो, स्वरयंत्राची नस दबून आवाज बसला तर वाचा-उपचारतज्ज्ञ लागतो, शिवाय आहारतज्ज्ञ आणि वैद्यकीय समाजसेवकही लागतात. यातलं प्रत्येक नाव एक करिअर आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. अनेक ठिकाणी सुरुवातीचा पगार कमी असतो, ही तक्रार खरी आहे. कर्करोग-पुनर्वसनाच्या स्वतंत्र जागाही अजून थोड्याच आहेत. मात्र हृदय-श्वसन फिजिओथेरपीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्याचं कौशल्य एका आजारापुरतं नसतं. अतिदक्षता विभाग, हृदयशस्त्रक्रिया, सीओपीडी हा श्वसनमार्गाचा दीर्घकालीन आजार, क्षयरोगानंतर अशक्त झालेली फुप्फुसं, सगळीकडे ते लागतं. 2021 च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीसारख्या आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली, त्यामुळे शिक्षण आणि नोंदणी यांना देशपातळीवर चौकट मिळाली आहे. महाराष्ट्रात बीपीटीएच या फिजिओथेरपीच्या पदवीचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो आणि इंटर्नशिप धरून साडेचार ते पाच वर्षं द्यावी लागतात. म्हणून पर्यायांचा अर्ज भरताना फक्त फी आणि कटऑफ पाहू नका. कॉलेजला स्वतःचं रुग्णालय आहे का, तिथे अतिदक्षता आणि छातीविकार विभाग चालतात का, विद्यार्थ्यांना पुरेसे रुग्ण पाहायला मिळतात का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. आणि मुलाशी बोलताना गुणांबरोबर त्याच्या स्वभावाचाही विचार करा. एकाच रुग्णाबरोबर आठवडेच्या आठवडे काम करून थोड्याशा सुधारणेत समाधान मानण्याची चिकाटी ज्याच्यात आहे, त्याने हे क्षेत्र पहिल्या पसंतीने निवडावं.