भाकरीचा राखणदार

“लॉर्ड” हा शब्द कानीं पडतांच आमच्या मनश्चक्षूंपुढें वैभव उभें राहतें. परंतु त्याचें मूळ साध्या पावांत आहे. जर्मानिक भाषाकुलांत पावास एक प्राचीन शब्द होता. चौथ्या शतकांत वुल्फिलानें केलेल्या बायबलाच्या गॉथिक भाषांतरांत तो “ह्लैफ्स” या रूपानें आढळतो. जर्मन “लाइब” व इंग्रजी “लोफ” हे त्याच कुळांतले. रशियन “ख्लेब” व फिनिश “लेइपॅ” हीं उसनीं घेतलेलीं रूपें होत.

जुन्या इंग्रजींत “ह्लाफ” म्हणजे पाव व “वेअर्ड” म्हणजे राखणदार. या दोहोंचा “ह्लाफवेअर्ड” झाला आणि झिजत झिजत “लॉर्ड” उरला. पावाची कणीक मळणारी “ह्लॅफदिये”, तीच आजची “लेडी”! केंटच्या एथेलबर्ट राजाच्या, सुमारें इ. स. 600 च्या कायद्यांत आश्रितास “ह्लाफॅटा”, म्हणजे पाव खाणारा, असें म्हटलें आहे.

आमच्या बोलींतला “लाटसाहेब” या लॉर्डाचाच वंशज. परंतु येथवर येतां येतां त्याच्या हातची भाकरी गळाली आणि तोरा तेवढा राहिला. विद्यार्थिमित्रहो, आश्रितांच्या भाकरीची काळजी वाहतो तोच खरा धनी. आणि पहाटे उठून आपणांसाठीं पीठ मळणाऱ्या माउलीस “लेडी” ही पदवी कोणीं द्यावयाची उरलीच नाहीं.