पंधरा डॉलरचं सिम

सातारा,
जूनचा पहिला रविवार

चि. ठमीस,

परवा कराडच्या लग्नात तुझ्या मैत्रिणीची आई भेटली. आइस्क्रीम खाता खाता तिने सहज सांगितलं, की मे महिन्यात तुम्ही चौघं टेक्सासच्या वरच्या टोकाला वादळामागे गेला होतात, अंधार पडला तरी परतला नव्हतात आणि चार तास एकाचाही फोन लागत नव्हता. वर हसून म्हणाली, "पंधरा डॉलरच्या सिमकडून आणखी काय अपेक्षा करणार!" तुझी आई माझ्या शेजारीच होती. ती एक शब्द बोलली नाही, यावरून काय ते समज.

तिला तू सांगितलं होतंस, लायब्ररीत होते म्हणून. त्याबद्दल मी रागावत नाही. तुझे आजोबा कृष्णेच्या पुरात पोहून यायचे आणि ओल्या केसांनी 'देवळात होतो' म्हणायचे. ही विद्या आपल्या घरात जुनीच आहे. पण पंधरा डॉलरचं सिम? ज्या मामाने जन्मभर टेलिफोन खात्याचं मीठ खाल्लं, त्याच्या भाचीने किंमत बघून सिम घ्यावं?

अगं, ते विकणाऱ्या कंपनीचा स्वतःचा एकही टॉवर नसतो. मोठ्या कंपनीचं जाळं भाड्याने घेऊन ती धंदा करते. तुझं विद्यापीठ आहे त्या नॉर्मनमध्ये, ओक्लाहोमा सिटीत तुला त्याने काहीच फरक पडणार नाही. फरक पडतो तो शेतांमधल्या एखाद्या खेड्याबाहेर, जिथे टॉवर एकच आणि त्या दिवशी त्याच सुपरसेल वादळामागे आलेल्या गाड्या शे-दोनशे. सगळे रडार बघतायत, निम्मे व्हिडिओ पाठवतायत. अशा गर्दीत टॉवर आधी मूळ कंपनीच्या गिऱ्हाइकांना वाट देतो, भाडेकरू मागे. आणि जिथे मूळ कंपनीचाच टॉवर नाही, तिथे तिचं गिऱ्हाईक निदान स्थानिक कंपनीच्या जाळ्यावर रोमिंग करू शकतं. कॅन्ससच्या पश्चिमेला, नेब्रास्कात अशा छोट्या कंपन्या आहेत. स्वस्त सिमला ही सोय बहुधा नसते. तुमचे चार तास तिथेच कुठेतरी गेले असणार.

म्हणून मुख्य सिम मोठ्या कंपनीचं, थेट तिच्याकडूनच घे. व्हेरायझन किंवा एटी अँड टी. दोघींकडे ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, आणि कमी वारंवारितेची लहर लांब जाते, झाडी-उंचवट्याला कमी अडते. टी-मोबाइल पूर्वी शहरापुरतीच होती, पण २०१७ च्या लिलावात तिने ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा उचलला, तेव्हापासून तिला हसण्याचे दिवस गेले. तिचं ई-सिम दुसरं म्हणून त्याच फोनमध्ये ठेव. दोन्ही सिम एकाच जाळ्याची असतील तर दोन घेऊन उपयोग नाही, हे तुझ्यासारख्या हुशार मुलीला सांगावं लागू नये. जाहिरातीत '५जी' केवढ्या अक्षरात लिहिलंय ते बघूच नकोस. तो वेग शहरातला.

आणि कंपनीच्या रंगीत नकाशावर जाऊ नकोस. सरकारी एफसीसीचा नकाशा उघड. तोही कंपन्यांनी गणिताने काढून दिलेल्या माहितीवरच बेतलेला असतो, पण त्यात उघड्यावर उभं राहून काय मिळेल ते वेगळं दिसतं आणि चालत्या गाडीत काय मिळेल ते वेगळं. तू गाडीतलं बघ. पत्र्याच्या आत सिग्नल मरतो. टपावर चुंबकाने बसणारा अँटेना आणि आत बूस्टर लावलात तर काठावरचा सिग्नल कामाचा होतो. मात्र मुळात शून्य असेल तर बूस्टर शून्यच वाढवणार. टेक्सासमधल्या कॅप्रॉकच्या दऱ्यांत उतरलात, नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत शिरलात, की हे ध्यानात ठेव.

आणखी एक. फोनवरच्या रेघा बघून खूष होऊ नकोस. त्या टॉवरचा आवाज तुझ्यापर्यंत किती येतो एवढंच सांगतात. तुझा फोन बोलतो जेमतेम पाव वॅटच्या आतबाहेर, तो आवाज टॉवरला ऐकू गेला पाहिजे ना! दोन रेघा दिसतायत आणि काहीच जात नाही, असं तुम्हाला त्या दिवशी झालं होतं का? झालंच असणार.

चार तास, ठमे.

फोन लागला नाही याची मला तेवढी भीती नाही. आमचं निम्मं आयुष्य फोन न लागण्यात गेलं. भीती आहे ती तुझ्या हातातल्या त्या रडारच्या चित्राची. तुमच्याकडचं रडार आकाशाची एक फेरी पुरी करायला चार-सहा मिनिटं घेतं. म्हणजे सिग्नल उत्तम असतानाही तू बघतेस ते थोडं शिळंच असतं. ताशी पन्नास किलोमीटरने सरकणारं वादळ तेवढ्यात तीन ते पाच किलोमीटर पुढे गेलेलं असतं. डेटा बंद पडला, की चित्र आहे तिथेच थांबतं, आणि दिसतं मात्र तितकंच खरं. वेळ लिहिलेली असते कोपऱ्यात, बारीक. घाईत कोण बघतं? तू बघायचं. वेळ दहा मिनिटं जुनी झाली की चित्र खोटं समजायचं, गाडी वादळापासून लांब न्यायची. पावसाच्या पडद्यात तर मुळीच शिरायचं नाही.

एल रेनोचं तुला मी काय सांगावं? ३१ मे २०१३, तुझ्या खोलीपासून तासाभराच्या अंतरावर. चार किलोमीटरहून रुंद टोर्नेडो. त्याने दिशा बदलली, वेग वाढवला, आणि टिम सॅमरस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गेले. सॅमरस काही हौशी पोरगा नव्हता. टोर्नेडोच्या वाटेत यंत्रं ठेवण्यात उभं आयुष्य घातलेला माणूस. आणि एप्रिल २०२२ मधली ती तुमच्याच विद्यापीठाची तीन मुलं. ती वादळात गेली नाहीत. कॅन्ससहून परतताना, रात्री, पावसात, हायवेवर गाडी पाण्यावरून घसरली. हे वाचल्यापासून मला वादळापेक्षा तुमच्या परतीच्या रस्त्याची काळजी जास्त वाटते. गाडी चालवणाऱ्याच्या हातात फोन नको. रडार शेजारच्याने बघायचं. रात्र झाली तर मोटेलात राहा. त्या मोटेलचे पैसे मागायला लाजू नकोस.

हवामानाचा छोटा रेडिओ घे, १६२ मेगाहर्ट्झवाला. त्याला सिम लागत नाही, बिल येत नाही. नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेव, आणि एक कागदीही गाडीत असू दे. तुमच्याकडचे ते मैला-मैलावरचे कच्चे रस्ते पावसात चिखल होतात म्हणे. पळायचा रस्ता डांबरीच निवड.

फार बोललो. तुझी आई म्हणाली होती, "तू ओरड तिला, माझं ऐकत नाही." मी कुठल्या तोंडाने ओरडू? तुझ्या वयाचा असताना मी सह्याद्रीतल्या एका डोंगरमाथ्यावर मायक्रोवेव्ह केंद्रावर होतो. खाली पुण्या-मुंबईची बोलणी आमच्या तबकड्यांवरून धावायची आणि मी वळवाच्या विजा बघत दारात उभा. बरोबरचे म्हातारे लाइनमन दंडाला धरून आत ओढायचे. त्याआधी पुण्याच्या हवामान खात्यातून, आपण ज्याला शिमला ऑफिस म्हणतो तिथून, मला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. आजोबा म्हणाले, "ढग मोजून पोट भरतं का?" टेलिफोनची नोकरी हातात होती. मी परत विषय काढला नाही. एकदा तरी काढायला हवा होता, असं अजून वाटतं. ताईला यातलं काही ठाऊक नाही. तुझी नॉर्मनची निवड झाल्याचं कळलं, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसलो तो मी, आणि सगळ्यांना वाटलं मामाला व्हिसाचं टेन्शन होतं.

तेव्हा जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. म्हणणारही नाही.

एक वाचलेलं सांगतो. १९७० च्या दशकात तुमच्या नॉर्मनच्या प्रयोगशाळेतली मंडळी वादळामागे जायची, तेव्हा वाटेत पैसे टाकून बोलायच्या फोनवरून परत प्रयोगशाळेत फोन करायची. तिथे बसलेला माणूस रडार बघून सांगायचा, वादळ कुठे आहे, कुठल्या रस्त्याने जा. आमच्या धंद्याचा इतका चांगला उपयोग मी दुसरा ऐकला नाही. तुमच्या संध्याकाळचे पाच म्हणजे आमच्या पहाटेचे साडेतीन. मला तेव्हा जाग येतेच, उगाच छताकडे बघत पडतो. निघण्याआधी तू गावांची नावं पाठव. दर तासाला एक मेसेज टाक. साधा एसएमएस टाक, डेटा नसतो तिथूनही तो कधीकधी निघतो. मी इथे रडार उघडून बसेन.

दुसऱ्या सिमचे पैसे मी पाठवतोय, परत करायचे नाहीत. फक्त मला ते रडार वाचायला शिकव. तो 'हुक' नेमका कुठे शोधायचा आणि लाल-हिरवे रंग चिकटले म्हणजे काय समजायचं, हे पुढच्या रविवारी फोनवर सांग. चष्म्याचा नंबर वाढलाय, तेव्हा जरा सावकाश सांग.

तुझा,
मामा