संडासातला दगड

मोहाडीतील एखाद्या घरचा, बोअरच्या पाण्यावर चालणारा संडास पाहा. भांड्यात पाणी साचते त्या रेषेवर पांढरट-पिवळे कडे दिसेल. ते ब्रशने जात नाही, फिनेलनेही जात नाही. जाईल कसे? तो मळ नव्हे, दगड आहे!

हा दगड आला कोठून? पावसाचे पाणी मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. वाटेत चुनखडीचे खडे भेटले की ते विरघळतात आणि पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट येते. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून ते दुष्फेन. भांड्यात पाणी उघडे राहिले की वायू निसटतो, थोडे पाणी सुकते आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. लघवीतील युरियापासून जंतू अमोनिया बनवतात. त्याने पाणी अल्कधर्मी होऊन थर अधिकच लवकर बसतो. लोह असेल तर तो तांबूस दिसतो.

किती दगड? भारतीय मानकानुसार (आय.एस. १०५००, २०१२) पिण्याच्या पाण्याची दुष्फेनता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरे पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालते. समजा, तुमचे पाणी ३०० चे आहे. मग १० लिटरच्या बादलीत ३ ग्रॅम! बहुतेक वाहून जाते, हे नशीब.

आम्ल घातले की दगड फसफसतो आणि विरघळतो. शंभर ग्रॅम दगडाला ७३ ग्रॅम हायड्रोक्लोरिक आम्ल (हायड्रोजन क्लोराइड) लागते व ४४ ग्रॅम वायू निघून जातो. पण बाजारचे आम्ल तुम्ही हाताळू नका. ते मोझॅकची फरशी खाते. पितळी नळातले जस्तही सोडत नाही, आणि भंडारा तर पितळेचा जिल्हा! भांड्यातले पाणी उपसून लिंबूसत्त्वाचे (सायट्रिक आम्ल) दाट द्रावण रात्रभर ठेवा, सकाळी घासा. थर जाड असेल तर पुन्हा करा. विटकरीने खरवडू नका. चिनीमातीची झिलई गेली की थराला बसायला खडबडीत जागाच मिळते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आणू नका, एकामागून एकही नको. त्यातून क्लोरीन निघतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रजवळ जर्मन सैन्याने सोडलेला वायू तो हाच. आणि संडासाची खोली तर बंदिस्त असते.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग: चहाच्या पातेल्यातला पांढरा थर खरवडून त्यावर लिंबाचा रस टाका. दुसरीकडे तेवढाच रस मिठावर टाका. कोणते फसफसते?