सोळा बार, एक पत्ता

कुणी पत्ता विचारला की मी "चेंबूरजवळ" असं सांगते. खरं म्हणजे मी देवनारची. पण देवनार म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "डम्पिंगचा वास येतो का गं?" (येतो. वारा तिकडून असला की येतो.) १९२७ पासूनचं डम्पिंग ग्राऊंड आणि १९७१ पासूनचा कत्तलखाना, एवढीच आमची ओळख. टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून आमच्याकडे आहे, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

म्हणून मला रॅपवाल्यांचं कौतुक वाटतं. ही मुलं आपला पत्ता लपवत नाहीत, उलट गाण्यात घालतात. डिव्हाईन स्वतःला '५९' म्हणवतो ते अंधेरीच्या ४०००५९ या पिनकोडवरून. नेझी कुर्ल्याचा. त्याच्या 'आफत'चा व्हिडिओ २०१४ मध्ये चक्क आयपॅडवर शूट झाला होता. 'गली बॉय' सिनेमा आला २०१९ मध्ये, म्हणजे बऱ्याच नंतर. धारावीत २०१५ पासून हिपहॉपची शाळाच चालू झाली. 'स्वदेशी' या ग्रुपने २०१९ मध्ये आरेच्या जंगलावर 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं, त्यात आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेतलं. एमसी मवाली मराठीत रॅप करतो. माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तरी त्याचा एकही शब्द सुटत नाही!

आता थोडा अभ्यास. रॅपच वस्त्यांमध्ये का पसरलं, रॉक बँड का नाही? गणित साधं आहे. रॅपच्या एका कडव्यात साधारण १६ बार असतात, एका बारमध्ये ४ ठोके, म्हणजे ६४ ठोके. वेग मिनिटाला ९० ठोके धरला तर ६४ भागिले ९० मिनिटं, म्हणजे जवळजवळ ४३ सेकंद. तेवढ्यात आपलं म्हणणं सांगायचं. तालासाठी मोबाईलवरचा बीट पुरतो. ड्रम्स नकोत, ते ठेवायला खोली नको, प्रॅक्टिसला शेजाऱ्यांची परवानगी नको. पुनर्वसनाच्या जुन्या इमारतींमधलं घर २२५ चौरस फुटांचं असतं. त्यात ड्रमसेट मांडला तर माणसं जिन्यात झोपतील.

हे नवीन आहे असंही नाही बरं का. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊ राहत होते घाटकोपरच्या चिरागनगरात, म्हणजे आमच्या शेजारीच. डफ, तुणतुणं आणि खणखणीत गळे, की झाला मंच उभा. तेव्हा डफ होता, आता मोबाईल आहे.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचं उदाहरण गोवंडीचं वाटतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये नटवर पारेख कंपाऊंडमध्ये गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल झाला. कम्युनिटी डिझाईन एजन्सी ही मुंबईची संस्था, तिच्याबरोबर दोन ब्रिटिश संस्था आणि ब्रिटिश कौन्सिल. आधी वस्तीतल्या मुलामुलींना रॅप, नाटक, फोटोग्राफी, फिल्म यांचं मार्गदर्शन मिळालं आणि मग त्यांनी आपल्याच इमारतींच्या मध्ये कार्यक्रम केला. कागदी कंदिलांची मिरवणूकही निघाली. एरवी आपल्याकडे फेस्टिव्हल म्हटला की काळा घोडा. लोकल पकडून दक्षिणेला जायचं, कार्यक्रम बघायचा, परत यायचं. इथे फेस्टिव्हलच कंपाऊंडात आला.

हे कंपाऊंड म्हणजे साऊंडवाल्याची परीक्षाच आहे. इथल्या काही इमारतींमधलं अंतर जेमतेम ३ मीटर आहे. (ऊन आणि हवा नसण्याचा अशा वसाहतींमधल्या क्षयरोगाशी संबंध आहे, असं डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटीच्या अभ्यासात दिसलं होतं. तो विषय वेगळा, पण अंतर तेच.) दोन भिंतींमध्ये आवाज जाऊन परत यायला ६ मीटरचा प्रवास. सेकंदाला ३४० मीटर वेगाने त्याला सुमारे १८ मिलिसेकंद लागतात. वेगळा प्रतिध्वनी ऐकू यायला साधारण ५० मिलिसेकंद तरी हवेत. म्हणजे प्रतिध्वनी कळत नाही, पण आवाज भिंतींवर पुन्हापुन्हा आपटून गढूळ होतो. आणि त्यात आधी काय हरवतं? व्यंजनं! त, क, स, च. गाणं एक वेळ निभावेल, पण रॅपमधून व्यंजनं गेली तर काय उरलं? अशा वेळी व्हॉल्यूम वाढवून काही उपयोग होत नाही, उलट गढूळपणा वाढतो. एका मोठ्या स्पीकरऐवजी लहान लहान स्पीकर ऐकणाऱ्यांच्या जवळ ठेवायचे आणि आवाज कमी ठेवायचा, हा खरा उपाय.

शिवाय वेळेचं बंधन आहेच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. १९८६ मध्ये सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉकचं घर असलेलं धोबीतलावचं रंगभवन याच शांतता क्षेत्राच्या कारणाने मैफलींना मुकलं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, आमच्या बिल्डिंगमध्येही आजारी माणसं आहेत. पण १० ला बंद म्हटल्यावर कात्री कुणावर चालते ते बघा. मोठा कलाकार उशिरा येतो, त्याचा साऊंडचेक तासभर चालतो आणि वेळ कापला जातो तो आधीच्या लोकल ग्रुपचा.

आपल्या हॉस्टेलच्या मुलांनी हे पाहिलेलं आहे. लोकल बँडला दुपारी ४ चा स्लॉट, समोर रिकाम्या खुर्च्या आणि पहिल्या गाण्यात माईकची शिट्टी. मग आपणच म्हणायचं, "काही दम नव्हता." दम कुठून दिसणार, साऊंडचेकच मिळाला नव्हता ना! ग्रुपचं नाव पोस्टरवर छापलं म्हणजे संधी दिली, असं आपल्याला वाटतं. माझ्या मते संधी म्हणजे अंधार पडल्यानंतरची २० मिनिटं आणि आधीचा १५ मिनिटांचा साऊंडचेक. एकेकट्या ग्रुपने हे मागितलं तर कमिटी हसते. चार ग्रुप एकत्र आले, तेच माईक, तेच स्पीकर वापरू म्हणाले, तर मधला बदलाबदलीचा वेळच उरत नाही. मग नाही म्हणायला कमिटीला कारण सापडत नाही.

यंदा फेस्टचा साऊंड माझ्याकडे आहे. गोवंडी-देवनारच्या तीन ग्रुपसाठी संध्याकाळी ७ ची वेळ मी लेखी मागितली आहे. अर्जात त्यांच्या नावापुढे पिनकोडसुद्धा लिहिलाय. उत्तर अजून आलेलं नाही. सामान विचाराल तर दोन माईक आणि मोबाईल जोडायला एक वायर.