घरसामान जड झालं, वसुली आली

प्रश्न : मुलगा अमेरिकी लष्करात सार्जंट आहे. बदलीत घरसामानाचं वजन जास्त भरलं. आता पगारातून कपात होणार म्हणतात. माफी मिळेल का?

उत्तर : माफीआधी वजनाच्या पावत्या मागवा. कुटुंब असलेल्या सार्जंटला (ई-५) मर्यादा ९,००० पौंडांची. नोकरीसाठी लागणारी पुस्तकं, कागदपत्रं, उपकरणं २,००० पौंडांपर्यंत त्यात धरत नाहीत. पण यादीत ती वेगळी नोंदवलेली हवीत. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. फेरवजन सामान घरी पोचण्याआधीच मागायचं असतं. चुकून जादा दिलेल्या पगारावरची सूट इथे सहसा लागू होत नाही, कारण वाहतूकदाराला दिलेलं भाडं चुकीचं नव्हतं. मग लष्कर सचिवांच्या अधिकारातल्या कर्जमाफीचा अर्ज करावा. तोही फेटाळला, तर लष्करी नोंदी दुरुस्त करणारं मंडळ आहे.