मेल खरा की खोटा? आधी आपली ऑर्डर उघडा

दसरा-दिवाळीचे सेल लागले की घरोघरी पार्सलं यायला लागतात आणि त्यांच्या मागोमाग मेल-मेसेजांचा मारा सुरू होतो. बँकेत ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्यात माझी बरीच वर्षं गेली. आता निवृत्तीनंतर सोसायटीतली मंडळी मोबाइल घेऊन येतात आणि विचारतात, "काका, हे खरं आहे का हो?" या प्रश्नाची उत्तरं शोधताना जे पक्कं झालं, ते इथे मांडतो.

१. मेलच्या रूपावर जाऊ नका.
लोगो, रंग, तळाशी कंपनीचा पत्ता, सगळं जसंच्या तसं उचलता येतं. पूर्वी मोडकंतोडकं इंग्रजी दिसलं की संशय यायचा. आता एआयच्या मदतीने भामटेही शुद्ध भाषेत लिहितात, मराठीतसुद्धा. त्यामुळे भाषा नीट आहे, एवढ्यावर विश्वास टाकू नका.

२. वेळ जुळली म्हणून मेल खरा ठरत नाही.
"पण मी खरंच सामान मागवलं होतं!" हे वाक्य मी सतत ऐकतो. असे मेसेज एकाच वेळी असंख्य लोकांना जातात आणि सेलच्या दिवसांत त्यांतल्या अनेकांचं पार्सल वाटेवर असतंच. शिवाय खोक्यावरच्या चिठ्ठीवर आपलं नाव-पत्ता असतो, कधी मोबाइल नंबरही. खोका रद्दीत देण्याआधी ती चिठ्ठी काढून बारीक फाडा.

३. मेलमधल्या लिंकने जाऊ नका, आपल्या वाटेने जा.
सगळ्यात महत्त्वाचा धडा हाच. मेल बंद करा, कंपनीचं अ‍ॅप स्वतः उघडा आणि आपल्या ऑर्डरच्या पानावर जा. पार्सल अडकलं असेल, पैसे परत येणार असतील किंवा पत्ता अपुरा असेल, तर ते तिथे दिसेल. अ‍ॅमेझॉनसारख्या कंपनीने पाठवलेले संदेश आपल्या खात्यातल्या मेसेज सेंटरमध्येही पाहता येतात. आपल्या खात्यात ज्याचा मागमूस नाही, तो मेल खोटा समजून सोडून द्या. मेल खरा असला तरी यात तुमचं काहीच बिघडत नाही.

४. नाव वाचू नका, पत्ता वाचा, आणि तोही शेवटाकडून.
पाठवणाऱ्याच्या जागी कोणतंही नाव टाकता येतं. त्या नावावर बोट ठेवलं की त्यामागचा पत्ता उघडतो. लिंकमध्ये सुरुवातीचं https:// सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या अलीकडचा भाग उजवीकडून डावीकडे वाचा. 'अ‍ॅमेझॉन डॉट इन' वेगळं आणि 'अ‍ॅमेझॉन डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम' वेगळं. दुसऱ्या पत्त्याचा मालक 'अमुकतमुक' आहे, पुढे लावलेलं नाव निव्वळ आमिष. अक्षरांकडेही बारीक लक्ष द्या: इंग्रजी आर आणि एन शेजारी ठेवले की एम वाटतो, शून्य ओ वाटतो. पत्त्याजवळ कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, असंही नाही. कुलूप एवढंच सांगतं की वाटेत माहिती कुणी वाचणार नाही. पलीकडे कोण बसलंय, हे ते सांगत नाही.
एसएमएस असेल तर तो साध्या दहा आकडी नंबरवरून आलाय का, हे बघा. कंपन्यांना आणि बँकांना नोंदणीकृत नावानेच व्यावसायिक एसएमएस पाठवावे लागतात.

५. रक्कम किरकोळ असेल, तर जास्त सावध व्हा.
तळमजल्यावरच्या वहिनींना मेल आला: 'पत्ता अपुरा असल्याने पार्सल परत जात आहे. पुन्हा पाठवण्यासाठी २५ रुपये भरा.' खाली उलटं पळणारं घड्याळ. वहिनी म्हणाल्या, "पंचवीसच तर आहेत!" ते पान कार्डाचा नंबर, मुदत, सीव्हीव्ही आणि मग ओटीपी मागत होतं. भामट्याला २५ रुपये नकोच असतात, त्याला कार्ड हवं असतं. ऑर्डरच्या पानावर पाहिलं, तर पार्सल दुसऱ्या दिवशी यायचं होतं आणि पत्ता अचूक होता. टपाल खात्याच्या नावानेही असेच मेसेज फिरतात आणि ते बनावट असल्याचं सरकारने जाहीरही केलं आहे. घाई लावणारा मेल आला की मुद्दाम दहा मिनिटं थांबा.

६. पैसे घ्यायला पिन लागत नाही.
यूपीआय पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा, पिन टाका असं कुणी म्हटलं की तिथेच थांबा. आलेला ओटीपी कशासाठी आहे आणि किती रकमेचा आहे, हे त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय आकडे कुणाला सांगू नका. डिलिव्हरीचा ओटीपी पार्सल हातात पडल्यावर, दारातच द्या.

७. मदतीचा नंबर अ‍ॅपमधूनच घ्या.
मेलमध्ये दिलेला नको आणि गुगलवर सापडलेलाही नको. तिथे बनावट नंबर पेरलेले असतात. 'कुरिअरमधून बोलतोय' म्हणत कुणी स्टार ४०१ किंवा स्टार २१ पासून सुरू होणारा आकडा फिरवायला सांगितला, तर फिरवू नका. तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि कॉलवर सांगितले जाणारे ओटीपीही. चुकून फिरवलाच, तर ##००२# लावून ते बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल तर उघडूच नका.

८. घात झालाच, तर एक मिनिटही दवडू नका.
ताबडतोब बँकेला कळवून कार्ड बंद करा, १९३० वर फोन करा आणि सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलंत, तर तोशीस तुम्हाला लागत नाही. मात्र ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तक्रारीची वेळ आणि क्रमांक लिहून ठेवा.

शेवटी घरातल्या तरुणांना एक कळकळीची विनंती. आई-वडील फसले तर त्यांच्यावर ओरडू नका. ओरडलात, तर पुढच्या वेळी ते लपवतील आणि पैसे परत मिळण्याची वेळ हातची जाईल. त्यापेक्षा आजच त्यांच्या शेजारी बसा, अ‍ॅपमध्ये ऑर्डरचं पान कुठे असतं ते दाखवा आणि १९३० हा नंबर त्यांच्या फोनमध्ये साठवून द्या.